मोटारींचा घाट

॥ येळकोट येळकोट जय मल्हार ॥

घोडेगाव
ता. ३ फेब्रुवारी २०२५

चि. चांगदेव भावजींना वहिनीचा आशीर्वाद. मोहिनीला आणि लेकरांनाही.

ही डबी संपतच्या पिकअपमधून येईल. इथं भाजी उतरवली की तो रिकामाच मढला परततो, तुमच्या दुकानावरून जातो. कॅलेंडरच्या पानामागं लिहितेय म्हणून हसू नका. जानेवारी सरला, कोरी बाजू वाया कशाला घालवायची? फोन का केला नाही म्हणाल, तर फोन घरात एकच आणि तो तुमच्या दादांच्या खिशात. त्यावर तुमचं नाव उमटलं, की दोन दिवस ह्या घरात भांडी बोलतात, माणसं नाही.

कामाचं सांगते. जत्रेत मांडतो तो विजेवरच्या खेळण्यातल्या मोटारींचा घाट बिघडलाय. तो तुमच्या हातचा, म्हणून तुम्हालाच विचारते.

सपाटीला मोटारी झकास पळतात. खाचेत जीभ बसवली, दट्टा दाबला, की सुटल्याच. पण तुम्ही हौसेनं बैलगाडा शर्यतीच्या घाटासारखा चढ दिलात ना, त्या चढाला लागल्या की कर्रर्र करतात आणि बसतात. सोन्या बसतो, हरण्या बसतो, वजीर तर सुटायच्या आधीच. टपावर बैलांची नावं रंगवली ती आता अंगाशी आलीत. जत्रेतली माणसं काय सोडतात होय? रखमाजी म्हातारा परवा सगळ्यांदेखत म्हणाला, "ज्ञानबा, तुझी बैलं वैरण मागत्यात रं!" हे हसले, पण घरी आल्यावर जेवले नाहीत.

ह्यांनी पुण्याहून गिअरचं पाकीट आणवलं, ते घातलं. दोन जत्रा काढल्या, पुन्हा तेच. दाते झिजून सपाट.

गिअरसाठी एवढी काकुळतीला का आले, ते तुम्हाला सांगायला नको, पण तरी सांगते. पारगावचा गेणभाऊ येऊन गेला. कारखान्याला ऊस ओढायला त्याचे ट्रॅक्टर आहेत, शेवटची घाई चाललीय, आणि एक ड्रायव्हर पळाला. ह्यांना म्हणाला, "माऊली, तुमच्यासारखा हात दुसरा न्हाई." त्याला फिटचं माहीत नाही. हे 'नाही' म्हणाले नाहीत. म्हणाले, "जत्रांचं बघतो. ह्या मोटारी अशाच बसायला लागल्या, तर घाट भंगारात घालतो आन् येतो." दोन ट्रॉल्या भरून ऊस, आणि स्टेअरिंगवर हे! मागं एकदा टेम्पो उभा असताना फिट आली म्हणून वाचले. तुम्ही घाट बांधून दिलात, तरी बरं वाटायला लागलं तसे पुन्हा गुपचूप निघाले होते, तेव्हा तुम्ही टेम्पोच्या मालकाला खरं सांगितलंत, चावी काढून घेतलीत, आणि त्याची शिक्षा म्हणून दोन वर्षं अबोला सोसताय. तुम्ही केलंत ते बरोबरच होतं. हे मी पहिल्यांदाच लिहून देतेय.

ह्या माणसाच्या हाताला गाडी लागतेच. बोटाएवढी असली तरी चालते, पण लागते. ती लहान गाडी चालली नाही, तर मोठीवर जातील. म्हणून लिहिलं.

झिजलेले गिअर डबीत आहेत. शिकेकाईनं घासून, गरम पाण्यानं धुऊन पाठवतेय. आपल्या घरातून वस्तू मळकी जायला नको.

तुमची,
वैजयंती वहिनी

~

मढ
६ फेब्रुवारी

ती. वहिनींच्या पायी चांगदेवचा नमस्कार.

डबी पोचली. मागच्या बाजूचं राशिभविष्य वाचलं. माझ्या राशीला जानेवारीत परदेशगमन होतं. मी पंख्याची मोटर भरत बसलो होतो, जुन्नरलासुद्धा गेलो नाही.

तुमचे गिअर बघितले. इतके चकचकीत, की नथीत बसवावेत. दाते झिजलेत हे दिसतं, कशानं ते दिसत नाही. पण पुण्याच्या पाकिटातच एक घोळ आहे तो सांगतो. मोटरच्या दांडीवर पितळी पिनियन आहे ना, ते त्यांनी बारा दात्यांचं दिलंय. सपाट ट्रॅकवर ते पळतं. आपला घाट चढाचा. दादाला म्हणावं, तू माळशेज कुठल्या गिअरात चढायचास? चढाला ओढ लागते, पळ नव्हे. पिनियन जितकं लहान तितकी ओढ जास्त. नऊ दात्यांची चार पाठवतोय, जोडीला मागच्या आसावर बसणारी नायलॉनची क्राऊनंही. ट्रॅक्टरला असतं तेच क्राऊन-पिनियन, फक्त गुंजेएवढं. त्याला समजवावं लागणार नाही.

बसवताना पिनियन हातोडीनं ठोकू नये, वाकडं बसतं. चिमट्यात धरून सरळ दाबायचं. दात्यात दाते पार घट्ट रुतवू नयेत. एसटीचं तिकीट फाडून त्याची पट्टी दोन्हींच्या मध्ये घालायची, क्राऊन सरकवून आवळायचं, मग पट्टी ओढून काढायची. कागद जाईल एवढीच जागा राहिली पाहिजे. घट्ट राहिलं तर मोटर तापते, ढिलं राहिलं तर दाते एकमेकांवरून उड्या मारतात आणि तुटतात.

आसाच्या दोन्ही टोकांना शिलाई मशीनचं तेल सुईच्या टोकानं, एकेक थेंब. दात्यांवर तेल नाही. वहिनी, तेल कोणतं वापरता ते कळवा.

गिअर कुठून आले विचारलं तर जुन्नरच्या दुकानातून म्हणा. मोठ्या चाकावर, म्हणजे क्राऊनवर, लाल ठिपका आहे, तो मोहिनीच्या नखपॉलिशचा. ठिपका मोटारीच्या बाहेरच्या अंगाला आला पाहिजे, म्हणजे उलटं बसणार नाही.

मी पण गेणभाऊला ओळखतो. माणूस वाईट नाही, पण त्याच्या ट्रॅक्टरला ब्रेक आहेत का हे त्यालाही माहीत नसतं. लवकर कळवा.

तुमचा,
चांगदेव

~

॥ येळकोट येळकोट जय मल्हार ॥

घोडेगाव
ता. १४ फेब्रुवारी

चि. भावजींना आशीर्वाद.

माघी पुनवेची जत्रा झाली. सगळं सांगते, मधलं काही गाळत नाही.

गिअर मी त्यांच्या हातात दिले. जुन्नरच्या दुकानातले म्हणून सांगितलं. त्यांनी बराच वेळ उजेडात धरून बघितले. तिकिटाची पट्टी, नऊ दाते, सगळं मीच दुकानदारानं सांगितलं म्हणून सांगितलं. "दुकानदार हुशार दिसतुया," एवढंच म्हणाले.

सकाळी घाट मांडला. नेहमीप्रमाणे मी चारही मोटारींची पूजा केली. चाकांना समईतल्या तेलाचं बोट, वरून भंडारा. आपल्याकडं भंडारा उधळल्याशिवाय कुठला गाडा घाटात सुटतो? ह्याही गाड्याच आहेत, आणि पळायचं चाकांनाच, म्हणून चाकांवर. मग हे म्हणाले, "झाऽऽली, भिर्रर्र!" आणि काय सांगू भावजी, चारही मोटारी चढ चढून वर! माणसं टाळ्या पिटायला लागली. रखमाजी म्हाताऱ्यानं हरण्यावर पैज लावली आणि हरला. "माझ्या दट्ट्याला विजंचा दाब कमी दिलास, लबाडा!" म्हणून भांडत बसला. हे पोट धरून हसत होते. मला वाटलं, देवानं ऐकलं.

दुपार कलली आणि सोन्या कर्रर्र करायला लागला. मग वजीर. ऊन उतरायच्या आत चारही बसले. ह्यांनी ताडपत्री झाकली आणि शेजारच्या रसवंतीत जाऊन बसले. परत आले तेव्हा तोंड असं होतं, की मी विचारलंच नाही.

आता मनातलं लिहिते, दुसऱ्या कुणाला सांगू नका. मला संशय येतोय. प्रत्येक जत्रेनंतर संध्याकाळी हे एकटेच मोटारी घेऊन न्हाणीमागच्या दगडावर बसतात. त्या दिवशी मी अचानक गेले, तर हातातलं काहीतरी पटकन धोतराखाली सारलं. काय करत होता विचारलं, तर म्हणाले, "काय न्हाई, बघत व्हतो." आणि कपडे धुताना सदऱ्याच्या खिशात त्यांचं जुनं लायसन सापडलं. ते मी पेटीच्या तळाशी ठेवलं होतं, गोधडीखाली. ते वर कसं आलं?

भावजी, हे स्वतःच तर दाते घासत नसतील? घाट मोडला म्हणजे ट्रॅक्टरवर जायला कारण मिळतं. नवऱ्यावर असा संशय घेतेय म्हणून देवापुढं नाक घासलं. तरी संशय जात नाही.

तेलाचं विचारलंत. हे शिलाई मशीनचंच घालतात, सुईनंच.

गिअर पाठवतेय. घासले नाहीत, नुसते विसळलेत.

वैजयंती वहिनी

~

मढ
१७ फेब्रुवारी

ती. वहिनींना नमस्कार.

तुमचं पत्र वाचून हातातलं काम सुटलं. मोहिनी म्हणाली, काय झालं, गिऱ्हाईक मेलं का?

गिअर बघितले. एका दिवसात नायलॉन इतकं झिजणं शक्य नाही. पिनियन बरोबर बसलंय, जागा बरोबर सोडलीय. म्हणजे हात दादाचाच, तो चुकत नाही. मग झिजलं कशानं? दात्यांच्या कडा कापल्यासारख्या नाहीत, लोळवल्यासारख्या दिसतात, जशा बारीक कानशीनं होतील. तुमचा संशय वाचला नसता तर माझ्या डोक्यात आलं नसतं. आता ते जातच नाही.

मी त्याला लहानपणापासून ओळखतो. त्याला एखादी गोष्ट नको असली, तर तो नाही म्हणत नाही, ती आपोआप बिघडू देतो. शाळा अशीच सोडली त्यानं. माझ्यावर राग आहे म्हणून माझा घाट मोडत असेल, तर मोडू दे. घाट परत बांधता येतो. पण त्यापुढं ट्रॅक्टर आहे.

एक करा. मोटारी तुमच्या ताब्यात घ्या. कुलपात ठेवा, किल्ली कमरेला. जत्रेच्या सकाळीच बाहेर काढायच्या आणि संपली की परत आत. त्याचा हात लागता कामा नये. नवीन संच पाठवतोय, सगळ्यांवर लाल ठिपका आहे. हे जर न झिजता टिकले, तर काय ते आपल्याला कळेल.

आणि वहिनी, पुढचा गिअर मेला तर त्याला अंघोळ घालू नका. जसा असेल तसा पाठवा, माझी शपथ आहे.

चांगदेव

~

॥ येळकोट येळकोट जय मल्हार ॥

घोडेगाव
ता. २७ फेब्रुवारी

भावजी,

घाईत लिहितेय, संपत बाहेर हॉर्न मारतोय.

तुम्ही सांगितलं तसं केलं. मोटारी देव्हाऱ्याखालच्या कपाटात ठेवल्या, किल्ली माझ्या कमरेला. ह्यांनी मागितल्या तर मी म्हणाले, देवाजवळ राहू देत, गुण येईल. "बरं," म्हणाले, आणि रिकामे हात घेऊन ओट्यावर बसून राहिले. मला भडभडून आलं, पण किल्ली दिली नाही. सकाळ-संध्याकाळ देवाबरोबर त्यांचीही पूजा केली. पुनवेला थोडक्यात केली म्हणून अडलं असेल असं वाटलं, म्हणून ह्या वेळी हात आखडला नाही. तेलाचं बोट रोज, भंडारा ओंजळीनं.

काल शिवरात्रीच्या जत्रेत मांडला. भावजी, दुपारसुद्धा गाठली नाही. पहिल्याच फेरीत वजीर बसला, मग एकामागून एक. इतक्या लवकर कधीच बसले नव्हते! ह्यांचा हात लागलेला नाही, मी शपथेवर सांगते. माझ्या माणसावर मी उगाच आळ घेतला आणि तुम्हालाही घ्यायला लावला. हे पाप कुठं फेडू?

गेणभाऊ जत्रेतच उभा होता. रखमाजी म्हणाला, "ज्ञानबा, आता बैलं इक आन् ट्रॅक्टर घे!" सगळे हसले. गेणभाऊनं ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. हे म्हणाले, "होळीची जत्रा करतो. तवा बी बसली, तर येतो." लायसन अजून खिशातच आहे. रोज सकाळी गोळी देताना मी खिशाकडं बघते, आणि मी बघते हे त्यांना कळतं.

होळी पंधरवड्यावर आली. माझी मतीच चालत नाही. देव कसली परीक्षा बघतोय?

वजिराचं मागचं चाक आसासकट काढून टाकलंय डबीत. धुवायला वेळच नाही. माफ करा.

वै.

~

मढ
१ मार्च

ती. वहिनी,

आधी पाणी प्या. मग बसून वाचा. रागावायचं असेल तर शेवटपर्यंत वाचून रागवा.

डबी उघडली आणि माझं दुकान जेजुरी झालं. आस पिवळा, चाक पिवळं, दाते पिवळे. दात्यांच्या फटींत पिवळा लगदा भरून सुकलाय, सुईनं टोकरला तर खडे निघाले. बोटावर चोळून बघितलं. वहिनी, बाजारच्या भंडाऱ्यात हळद किती आणि रंगवलेली माती किती, हे तो मल्हारीच जाणे. समईच्या तेलात ती कालवली, की तिचा दगडाच्या पाट्यावर वाटल्यासारखा लेप होतो. समईचं तेल चिकट, ते धरून ठेवतं. मोटारीचं चाक फिरलं की तोच लेप दात्यांना वाटून काढतो. कानस दादाच्या हातात नव्हती. कुणाच्याच हातात नव्हती.

पहिल्या दोन वेळा तुम्ही धुऊन पाठवलंत, म्हणून मला दिसलं नाही. तुमच्या शिकेकाईनं पुरावाच धुतला.

हे लिहायला मी दोन दिवस घेतले. मोहिनी म्हणाली, वहिनींना असं लिहू नका, त्यांच्या जिवाला लागेल. मी म्हणालो, न लिहून दादा ट्रॅक्टरवर गेला तर जास्त लागेल.

देवाचा भंडारा वाईट असं मी म्हणत नाही. माझ्या दुकानात पण पुडी आहे. पण तुम्हीच आठवा, घाटात गाडा सुटताना भंडारा कुठं टाकतात? बैलाच्या पाठीवर, कपाळावर. बैलाच्या डोळ्यांत कुणी टाकत नाही. चाकाच्या आऱ्यांत कुणी भरत नाही. देवाला पण ते चालत नसेल. मोटारीची पाठ म्हणजे टप. टपावर एक चिमूट, तीही कोरडी, आणि फुंकर मारून उडवून मग सोडायची. बाकीचा दादाच्या कपाळाला लावा. तिथं त्याची गरज जास्त आहे.

नवीन संच पाठवतोय, चार पिनियन, चार क्राऊन. जोडीला पांढऱ्या ग्रीसची बारकी डबी. मोहरीएवढं ग्रीस दात्यांवर, बास. प्रत्येक फेरीनंतर मऊ ब्रशनं दाते झाडायचे. केस आणि धूळ आसाला गुंडाळते, ती चिमट्यानं ओढायची. रोज एवढं केलं तर हा संच पावसाळ्यापर्यंत हलत नाही.

आणि मोटारी कपाटातून काढून दादाच्या हातात द्या. त्या देव्हाऱ्यात राहिल्या तर पुन्हा पिवळ्या होतील, तुमचा हात मला माहीत आहे.

मी पण त्याच्यावर आळ घेतला. शाळेचं वगैरे लिहिलं ते पान फाडून टाका.

चांगदेव

~

॥ येळकोट येळकोट जय मल्हार ॥

घोडेगाव
ता. १६ मार्च

चि. भावजींना आशीर्वाद.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी स्वयंपाक केला आणि जेवले नाही. राग आला, खोटं कशाला सांगू. वाटलं, चार बुकं जास्त वाचली की माणसं देवावर घसरतात. मग आठवलं, तुम्ही आणि मी दोघंही दहावीच.

दुसऱ्या दिवशी पाट्यावर थोडं समईचं तेल घेतलं, त्यात भंडारा टाकला आणि बोटानं चोळला. नखावरचं पॉलिश निघून गेलं. तशीच देवापुढं बसले. म्हटलं, देवा, मी तुला त्यांच्या रक्षणाला बोलावलं आणि तुझ्याच हातानं त्यांची वाट बंद केली. तू तरी सांगायचंस! मग वाटलं, सांगितलंच की. मढहून, संपतच्या पिकअपमधून.

मोटारी ह्यांच्या हातात दिल्या. का देतेय ते सांगितलं नाही, धीर झाला नाही. त्यांनीही विचारलं नाही. ओट्यावर बसून नवीन संच बसवला. पट्टीसाठी तिकीट शोधायला लागले, मी माझ्या पर्समधलं मंचरचं काढून दिलं. इतके दिवस जपून ठेवलं होतं, का ते मलाच माहीत नाही.

होळीची जत्रा. सकाळी मी टपावर एक चिमूट टाकली आणि फुंकर मारली. हात सवयीनं चाकाकडं गेला होता, ओढून घेतला. मग त्यांच्या कपाळाला भंडारा लावला, भरपूर. "आज मलाच पळायचंय व्हय?" म्हणाले.

भावजी, दिवे लागेपर्यंत एकही मोटार बसली नाही. चढावर वजीर असा गेला, की रखमाजी टोपी काढून नाचला आणि म्हणाला, "वैरण लागली रं वैरण लागली!" प्रत्येक फेरीनंतर हे ब्रशनं दाते झाडत होते, जणू आयुष्यभर तेच करत आलेत. गेणभाऊसुद्धा दोनदा खेळला आणि दोनदा हरला.

हे सगळं चांगलं लिहिलं, पण जीव थाऱ्यावर नाही. सांगते का. संध्याकाळी गेणभाऊनं ह्यांना बाजूला नेलं. तमाशाच्या फडाचा भोंगा जोरात चालू होता, एक शब्द ऐकू आला नाही. ह्यांनी खिशातून लायसन काढलं. गेणभाऊला दाखवलं. बराच वेळ बोलले. गेणभाऊनं तोंडावर हात ठेवला, मग ह्यांचा हात हातात घेतला आणि निघून गेला. घरी येताना मी विचारलं, काय बोलणं झालं? म्हणाले, "झालं." आणि गाणं म्हणत राहिले. काल सदरा धुवायला घेतला, खिशात लायसन नाही. पेटीत नाही, फळीवर नाही, गोधडीखाली नाही. दिलं का हो त्यांनी गेणभाऊला? शब्द देऊन बसले का? ज्याची मोटार पळाली त्याला मोठ्या मोटारीचा मोह पुन्हा होतो, असं तर नाही ना? विचारायला जीभ रेटत नाही. एकदा संशय घेऊन बसलेय, दुसऱ्यांदा कसा घेऊ?

तुम्ही गेणभाऊला ओळखता. त्याला विचारा, पण आपलं नाव येऊ देऊ नका.

डबीत जुने झिजलेले गिअर परत पाठवतेय, नमुन्याला असू द्या. धुतलेले नाहीत. डबी मीच भरतेय, पण संपतला आज उशीर आहे, म्हणून पिकअपमध्ये ती हेच ठेवतील. काय आहे विचारलं, तर जुन्नरच्या दुकानदाराला परत करायचेत म्हटलं.

वैजयंती वहिनी

~

[त्याच डबीत, गिअरखाली घडी घातलेला कागद]

घोडेगाव, १६ मार्च

चांग्या,

जुन्नरच्या दुकानदाराला हे पत्र पोचंल का न्हाई, माहीत नाही. पोचलं तर वाच.

जुन्नरच्या पहिल्याच पाकिटातल्या चाकावर लाल ठिपका बघितला आन् वळखलं. लहानपणी माझ्या भोवऱ्याच्या आरीजवळ असाच द्यायचास, कुणी चोरू नये म्हणून. तवा पण मी काही बोललो नव्हतो.

भंडाऱ्याचं मला आधीपासून माहीत व्हतं. ड्रायव्हर माणूस मी, क्राऊनमधी काय गेलं तर आवाजावरून कळतं. दर जत्रेला संध्याकाळी न्हाणीमागं बसून दात घासायच्या ब्रशनं ते दाते साफ करायचो, पण दिवसभरात खायचं ते खाऊन व्हायचं. मधी तिनं मोटारी कुलपात घातल्या, तवा तेवढं पण राहिलं. तिला सांगायचं लई वेळा मनात आलं. पण मला फिट आल्यापासून सकाळी गोळी देताना तिचा हात थरथरतो. मोटारींवर भंडारा टाकला, की थरथर थांबती. ते मी रोज बघतो. एवढ्यासाठी दोन-चार गिअर गेले तर गेले म्हटलं. मग गेणभाऊ आला आन् मला पण मोह झाला. खोटं बोलत न्हाई. वाटलं, घाट बसतोय तर बसू दे, कारण हातात आयतंच हाय. लायसन काढून खिशात घातलं.

तू तिला कसं काय सांगितलंस कुणास ठाऊक. मला जमलं नसतं. पण मला माहीत व्हतं हे तिला कधी कळू देऊ नको. ब्रशचं पण सांगू नको.

होळीला सगळ्या मोटारी दिवसभर चढ चढल्या. गेणभाऊ इचारायला आला, तवा लायसन काढून त्याला दाखवलं आन् सांगितलं, हे हाय, पण मला फिट येती, माझ्या भावानं एकदा मालकाला सांगितलं व्हतं, आज मी तुला सांगतो. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच्या पोराला दुसऱ्या ट्रॉलीवर बसवणार व्हता तो, माझ्या मागं.

लायसन ह्या कागदात गुंडाळलंय. तुझ्याजवळ ठेव. चावी तवाच नेली व्हतीस, हे राहिलं व्हतं.

वैजू काळजीत हाय, मला दिसतंय. संध्याकाळी सांगतो तिला. आत्ता ती संपतच्या हॉर्नकडं कान लावून बसलीय, आधी हे पत्र मढला निघू दे.

चैत्रात पारगावच्या बाजूला जत्रा हाय. चढाच्या वळणावर एक खाच सैल झालीय, मला एकट्याला धरता येत न्हाई. तू ये.

तुझा,
दादा